नैसर्गिक साबण कुणाचा?

निंबोळी, करंज वा खोबऱ्याच्या तेलात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घोटावे, साच्यात ओतावे, वड्या चार-सहा आठवडे मुरू द्याव्यात, झाला हातसाबण. ‘रसायनविरहित’ ही जाहिरात थापच, कारण सोड्यावाचून साबण होत नाही. खरा भेद ग्लिसरिनचा. मोठे कारखाने ते काढून वेगळे विकतात. हातसाबणात ते राहते, म्हणून तो कातडीला मानवतो. ग्राहक त्यासाठीच जादा दाम मोजतो. परंतु नांदेड-लातूरच्या बांधावर निंबोळ्या वेचणाऱ्या मजूर स्त्रीच्या पदरी त्यातले काय पडते? १९५६ च्या कायद्याने आलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलाचा साबण ग्रामोद्योग मानला. घाणा आणि साचा वेचणारणींच्या सहकारी संस्थेच्या हाती येत नाही, तोवर हा ग्रामोद्योग केवळ वेष्टनावरचे चित्र!