उन्हाळी सुटीतील मुलांच्या संरक्षणाविषयी निवेदन

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक, अमरावती ग्रामीण
मार्फत : मा. ठाणेदार, पोलीस ठाणे दत्तापूर, धामणगाव रेल्वे

विषय : उन्हाळी सुटीत पोलीस ठाण्याच्या वतीने मुलांसाठी उपक्रम योजण्याबाबत व धोक्याच्या जागांची इत्तला आगाऊ जाहीर करण्याबाबत.

महोदय,

आम्ही धामणगाव रेल्वे शहर व तालुक्यातील रहिवासी आपल्या सेवेशी सविनय सादर करतो की, परीक्षा आटोपून शाळांना कुलूप लागते तेव्हापासून जूनअखेरीस विदर्भातील शाळा पुन्हा उघडेपर्यंत येथील बहुसंख्य मुले देखरेखीवाचून असतात. आईबाप पहाटेच पऱ्हाट्या उपटण्यास वा वखरणीस शेतावर निघून गेलेले असतात, आणि पारा ४४-४५ अंशांवर चढलेल्या दुपारी ही मुले जिथे पाणी दिसेल तिथे धाव घेतात.

ते पाणी म्हणजे वर्धा नदीचे डोह, रेती उपसल्याने पात्रात पडलेले आणि वरून मुळीच न कळणारे खड्डे, वरूड बगाजीकडील बगाजी सागराचा साठा, कठडा नसलेल्या विहिरी, आणि अलीकडच्या काळातली शेततळी. शेततळ्याविषयी आम्हांस विशेष काकुळतीने लिहावेसे वाटते. त्याच्या उतारावर अंथरलेले प्लास्टिकचे अस्तर ओले झाले म्हणजे इतके निसरडे होते की, पोहता येणारा धडधाकट मुलगाही काठापर्यंत येऊन वर चढू शकत नाही, आणि त्याला वाचविण्यास उतरलेला सोबतीही त्याच्याबरोबर जातो. काठावरच्या खुंटीला बांधून पाण्यात सोडलेला एक गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली एक जुनी ट्यूब, एवढ्याने हा घात टळू शकतो. परंतु हे शेतमालकास कोणी अधिकारवाणीने सांगावयास हवे.

पाण्यात कोणी दगावला म्हणजे पोलीस ठाण्यात मर्ग दाखल होतो, पंचनामा होतो. जागा कोणती, खोली किती, वेळ कोणती, सोबत कोण होते, हे सारे त्यात नमूद असते. ज्या डोहाने एक मूल घेतले तो डोह पुढच्या वर्षीही तिथेच असतो. मात्र त्याची माहिती दप्तरात राहते आणि नव्या मुलांपर्यंत पोहोचत नाही. याच वर्धेवर १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातील झुंज येथे नाव उलटून ११ जीव गेले, त्या दुःखाची आठवण जिल्ह्यात अजून ताजी आहे. सबब आमची मुख्य मागणी अशी की, मागील वर्षांच्या मर्गांवरून तालुक्यातील धोक्याच्या जागांची यादी तयार व्हावी, मृतांची नावे वगळून ती शाळा, बसस्थानक, आठवडी बाजार व प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, आणि पोलीस पाटलांमार्फत गावोगाव दवंडी फिरावी. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा गाव आणि ठाणे यांच्यामधला दुवा ठरलेलाच आहे. नवे पद वा नवा खर्च यास लागणार नाही. मंगरूळ दस्तगीर व तळेगाव दशासर या ठाण्यांच्या हद्दीतही हीच तजवीज व्हावी.

परंतु नुसत्या मनाईने मुले थांबत नाहीत, त्यांना दुसरे काही द्यावे लागते. ज्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि ज्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनपर्यंत जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, ज्या जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीच्या प्रेरणेने आजही उन्हाळ्यात सुसंस्कार शिबिरे भरतात, त्या जिल्ह्यात सुटीतल्या सकाळच्या दोन तासांसाठी मैदान आणि शिक्षक मिळणे अवघड नसावे. ठाण्याने पुढाकार घेऊन कवायत, मल्लखांब, कबड्डी, प्रथमोपचार आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे, असा वर्ग मे महिन्यात चालवावा. त्यात मुलींसाठी वेगळी वेळ व महिला अंमलदार असाव्यात. ज्या मुलाने शिपायाच्या हाताखाली कवायत केली, तो मोठेपणी ठाण्याची पायरी भीतीने चढणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आणखी थोडे. मुंबई–हावडा लोहमार्ग शहराला चिकटून जातो आणि मुले रूळ ओलांडतात. तेथील हद्द रेल्वे सुरक्षा बलाची व लोहमार्ग पोलिसांची असली तरी, मुले गावचीच असल्याने त्यांच्याशी संयुक्त बंदोबस्त ठरावा. अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे लग्नसराई सुरू होण्याआधीच प्रत्येक घरी कळावे. कुटुंबे परगावी गेल्याने बंद राहिलेल्या घरांची नोंद ठाण्यात घेऊन रात्रीची गस्त त्या गल्ल्यांतून फिरावी. संकटात ११२, बालकांसाठी १०९८ आणि पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक त्याच फलकावर ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत.

फलकाचे रंगकाम, मैदानाची झाडलोट, मुलांचे पिण्याचे पाणी आणि शेततळ्यांचे दोर यांची जबाबदारी आम्ही नागरिक आनंदाने स्वीकारतो. शासनाकडून केवळ आपला हुकूम हवा आहे. शाळांचा शेवटचा पेपर होईल त्या दिवशी, मुले घराकडे निघण्यापूर्वी, पहिली यादी शाळेच्या दारावर लागलेली असावी, एवढी मेहेरबानी व्हावी ही विनंती.

आपले नम्र,
धामणगाव रेल्वे शहर व तालुक्यातील नागरिक