ग्रुपवर टाकलंय की!

हल्ली कुठल्याही टीमच्या कॅप्टनला, कोचला किंवा आपल्या जिमखाना सेक्रेटरीला विचारून बघा, "अरे, प्रॅक्टिसची वेळ बदलली तर सांगायचं नाही का?" उत्तर ठरलेलं, "ग्रुपवर टाकलंय की!" झालं, विषय संपला. टाकणाऱ्याचं कर्तव्य पूर्ण, न वाचणारा गुन्हेगार! मित्रहो, माझं म्हणणं असं की टाकणं वेगळं आणि सांगणं वेगळं. आणि टीम जर लहान पोरांची असेल तर फारच वेगळं.

मी नृसिंहवाडीचा. (बासुंदी आणि कवठाची बर्फी कधी आणणार, हा प्रश्न होस्टेलवाल्यांनी आता बंद करावा.) गावातल्या पोरांच्या कबड्डी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी अजून आहे, सुट्टीत गेलो की त्यांच्यासोबत मैदानात उतरतो. कबड्डीचा संघ बारा जणांचा, सात मैदानात आणि पाच राखीव. ग्रुपमध्ये मेंबर किती? साठाच्या वर! पोरांचे आई-बाबा, कुणाचा तरी मुंबईचा काका, माजी खेळाडू, शिवाय दोन-तीन असे की ते कोण हे ॲडमिनलाही ठाऊक नाही. पहाटेपासून दत्तगुरूंचे फोटो, गुड मॉर्निंगची फुलं, मग कुणाचा तरी वाढदिवस आणि त्यावर चाळीस केक. या सगळ्याच्या मधे कुठंतरी एक ओळ, 'उद्या सराव ६ ऐवजी ५ ला'. शोधा म्हणजे सापडेल!

बरं, वाचायचं कुणी? शालेय स्पर्धांमधला १४ वर्षांखालचा गट घ्या. व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणंच खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे त्या गटातल्या बऱ्याच पोरांचं खातं असायलाच नको. फोन बाबांच्या खिशात, बाबा दुकानावर, आणि पौर्णिमेला वाडीत पाय ठेवायला जागा नसते. तो फोन बघणार कधी आणि पोराला सांगणार कधी?

एका पोराची निवड चाचणी अशीच हुकली. मेसेज पडला आदल्या रात्री दहाला, घरात आईचा साधा बटणाचा फोन. पोरगा चढाईला चांगला, पायात वेग, वर्षभर सराव चुकवला नव्हता. घर मैदानापासून सायकलवर दोन मिनिटांवर. पण कुणी गेलं नाही, कारण ग्रुपवर टाकलं होतं ना! पुढं तो मैदानात यायचाच बंद झाला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला कुणी बोलावलंच नाही." आता याला काय उत्तर देणार?

एसएमएसच्या काळातले सीनियर भेटले की वेगळंच सांगतात. तेव्हा मेसेज १६० अक्षरांचा, देवनागरीत लिहिला तर ७०चाच. २०११ साली तर ट्रायनं एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नंतर ती २०० केली. त्यामुळं लोक मोजून लिहायचे आणि पोचला की नाही याची खात्री नसल्यानं वर रूमचं दारही वाजवायचे. २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या आणि दार वाजवणं संपलं.

ग्रुप वाईट असं मी म्हणत नाही हं. आमचं गाव कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. पाऊस लागला की राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फूट, हे आम्हाला क्रिकेटच्या स्कोअरसारखं पाठ. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. अशा वेळी 'सराव बंद, कुणी नदीकडं जाऊ नका' हे एका मिनिटात साठ घरांत पोचतं, याला तोड नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्यात गेला तेव्हा लाईटही गेली. चार्जिंग नाही तिथं ग्रुप काय करणार? कोण कुणाकडं मुक्कामाला आहे, हे माणसानंच माणसाला विचारायचं.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. मॅच हरली की रात्री ग्रुपवर पडतं, 'कुणामुळं हरलो ते सगळ्यांना माहीत आहे.' मैदानावर सर ओरडले तर घरी जाईपर्यंत पोर विसरतं. इथं साठ जण वाचतात, काका मुंबईहून अंगठा दाखवतो आणि ते कायम तिथंच राहतं. आणि रात्री अकराला एखाद्या पोराला किंवा पोरीला एकट्यालाच मेसेज करायचं तर मोठ्या माणसाला कारणच काय? जे असेल ते आई-बाबांच्या नंबरवर किंवा सगळ्यांसमोर. कोच कितीही चांगला असला तरी!

यात अवघड काही नाही. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सॲपवर २०१८ पासून आहे. सूचनांचा एक ग्रुप तसा करा, केक आणि फुलांना दुसरा ठेवा. ज्याच्या घरी स्मार्टफोन नाही त्याच्या गल्लीतल्या एका खेळाडूकडं निरोपाची जबाबदारी द्या, आणि निवड चाचणीची तारीख निदान दोन दिवस आधी मैदानावरच तोंडानं सांगा.

आणि हो, जिमखाना सेक्रेटरीसाहेब, मेसच्या दाराजवळचा आपला फळा अजून 'हॅपी दिवाळी' म्हणतोय. तो जरा पुसून घ्या. खडू माझ्या रूमवर आहे.