खुनाची तालीम

मराठी शाळेच्या मुलांना इंग्रजी चित्रपट दाखवा असं म्हटलं, की काही पालकांच्या भुवया वर जातात. तरीही आम्ही म्हणणार आहोत!

चित्रपटाचं नाव 'रिहर्सल फॉर मर्डर'. १९८२ साली अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीसाठी केलेला. लेखक रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक. या दोघांची जोडी शाळेत जमली आणि लेव्हिन्सन १९८७ साली जाईपर्यंत टिकली. त्यांचा 'कोलंबो' घरोघरी पोचला. या चित्रपटाला एडगर पारितोषिक मिळूनही तो मागेच पडला.

नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाच्या रात्री मुख्य नटी मोनिका मरण पावते. पोलिसांच्या मते आत्महत्या. बरोबर एक वर्षाने तिचा होणारा नवरा, नाटककार ॲलेक्स, त्याच रिकाम्या थिएटरात त्याच मंडळींना नव्या नाटकाच्या वाचनासाठी बोलावतो. वाचता वाचता एकेकाचा चेहरा उतरतो, कारण त्या प्रवेशांमध्ये तेच असतात आणि प्रत्येकाकडे खुनाला कारण असतं! (यातल्या जेफ गोल्डब्लमला मुलं 'जुरासिक पार्क'मुळे ओळखतील.)

पाठलाग नाही, रक्त नाही, मोबाईल तर नाहीच. आमच्यातले निम्मे आईबाबा प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पोट भरतात, त्यांना ॲलेक्सची पद्धत लगेच पटेल. पुरावा हातात नाही, म्हणून तीच परिस्थिती पुन्हा उभी करायची आणि कोण दचकतं ते पाहायचं. लेखक आपल्याला फसवतात, पण लबाडी करत नाहीत. दुसऱ्यांदा पाहताना सगळे धागे समोरच पडलेले दिसतात.

आता मराठीचं. आपल्या मुलांचं मराठी "भूक लागली", "नको", "येते" इथवर येऊन थांबतं. भांडण सुरू झालं की इंग्रजी! संशय घ्यायला "ती खोटं बोलत असणार", "तो तिथे असता तर दिसला असता" अशी वाक्यं लागतात, आणि ती स्वयंपाकघरात फारशी येत नाहीत. म्हणून चित्रपट मध्येच थांबवा आणि विचारा, कोणी केलं असेल? उत्तर मराठीतच घ्यायचं. चुकलं तरी मध्ये तोंड घालून दुरुस्त करायचं नाही, नाहीतर संशयित राहील बाजूला आणि व्याकरणाचा तास सुरू होईल.

ज्यांनी आधी पाहिला आहे त्यांनी शेवट सांगू नये. बाबालोकांनी विशेष लक्ष द्यावं.