रुग्णालयाच्या पाकशाळेंतून विधिमंडळांत

कॅनडांतील आल्बर्टा प्रांतानें १९१६ सालीं स्त्रियांस मताधिकार दिला. पुढल्याच वर्षीं, महायुद्धानिमित्त समुद्रापार गेलेल्या आपल्या सैनिकांसाठीं व परिचारिकांसाठीं त्यानें विधिमंडळांत दोन निःपक्ष जागा ठेविल्या. उमेदवार २१, त्यांत स्त्री एकच, लेफ्टनंट रॉबर्टा मॅकॲडम्स. इंग्लंडांत ऑर्पिंग्टन येथील लष्करी रुग्णालयाची आहारव्यवस्था त्यांजकडे होती. मतदार बहुतेक पुरुषच. परंतु प्रत्येकास मतें दोन. एक मत मनाजोगत्या पुरुषास द्यावें व दुसरें या भगिनीस, एवढीच बाईंची विनंती. ती मानली गेली आणि कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांच्या मागोमाग त्याही निवडून आल्या.

१९१८ सालीं त्यांनीं सैनिकांच्या आप्तांच्या संस्थेस कायदेशीर रूप देणारें विधेयक मांडून संमत करविलें. ब्रिटिश साम्राज्यांत स्त्रीनें मांडून संमत करविलेला तो पहिला कायदा होय.

कोणास काय पथ्य, कोणास काय उणें, हें न विसरणें म्हणजेच कारभार, असें आम्हांस वाटतें. मोठ्या घराची चूल सांभाळणाऱ्या गृहिणीस सार्वजनिक कामांतलें काय कळतें, असें म्हणण्यापूर्वीं वाचकांनीं हें चरित्र आठवावें.