चाचण्या वाढल्या, उत्तरदायित्वाचे काय?

बर्लिनस्थित झालांडो या ऑनलाइन वस्त्रविक्री कंपनीची याचिका युरोपीय महासंघाच्या जनरल कोर्टाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. डिजिटल सेवा कायद्यानुसार महिन्याला साडेचार कोटी किंवा त्याहून अधिक वापरकर्ते असलेले मंच 'अतिविशाल' ठरतात आणि त्यांच्यावर कडक बंधने येतात. आपल्या ८ कोटी ३० लाख वापरकर्त्यांपैकी सर्वांनाच त्यात धरू नये, कारण त्रयस्थ विक्रेत्यांचा माल सर्वांपुढे येत नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. परंतु तो माल कोणापुढे आला आणि कोणापुढे नाही, हे तिला वेगळे करून दाखविता आले नाही. म्हणून सर्वांचीच गणना न्यायालयाने ग्राह्य धरली.

याच झालांडोने 'ऑक्टोपस' नावाची स्वतःची प्रयोगव्यवस्था उभारली आहे. वापरकर्त्यांचे यदृच्छेने गट पाडायचे, एकाला जुनी आणि दुसऱ्याला नवी रचना दाखवायची, मग फरक मोजायचा, हे ए/बी चाचणीचे तत्त्व आता सर्वपरिचित आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंगने २०१२ मध्ये जाहिरातींच्या मथळ्यांत केलेल्या किरकोळ बदलाने उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढल्याचे अशाच चाचणीतून उघड झाले. तेव्हापासून चाचण्यांची संख्या हेच प्रगतीचे माप मानण्याकडे उद्योगाचा कल आहे.

ते माप फसवे आहे. काहीही परिणाम न करणाऱ्या एक हजार बदलांची चाचणी घेऊन पाच टक्क्यांचा रूढ निकष लावला, तरी सुमारे पन्नास बदल निव्वळ योगायोगाने परिणामकारक भासतील. निर्देशांक व कालावधी आधीच ठरविणे, मनासारखा आकडा दिसताच चाचणी न थांबविणे आणि महत्त्वाचा निष्कर्ष पुन्हा पडताळणे, ही शिस्त नसेल तर चाचण्यांबरोबर चुकाही वाढतात.

जर्मनीत याला कायद्याची जोड मिळते. वापरकर्त्याच्या उपकरणावर माहिती साठविण्यास किंवा तेथून ती वाचण्यास, सेवेसाठी ती अत्यावश्यक नसल्यास, टीडीडीडीजी कायद्याच्या कलम २५ नुसार संमती लागते. नकार देणारे मोजणीतून गळतात, म्हणजे निष्कर्ष संमती देणाऱ्यांपुरताच खरा ठरतो. नमुना कितीही मोठा केला तरी हा कल दूर होत नाही. कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर वा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारी तांत्रिक साधने आणताना १९७२ च्या कायद्याने 'बेट्रीब्सराट', म्हणजे कर्मचारी-परिषदेला सहनिर्णयाचा अधिकार दिला आहे. उत्पादक कंपनीने रातोरात सुरू केलेली वापराची नोंद ग्राहक कंपनीत वादाचे कारण होऊ शकते.

या बंधनांमागे अनुभव आहे. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या वृत्तप्रवाहातील भावनिक मजकूर त्यांच्या नकळत कमी-अधिक केला. २०१४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध होताच जगभर टीका झाली. आढळलेला परिणाम अत्यल्प होता. आक्षेप होता तो आपण प्रयोगाचा विषय आहोत हे कोणालाच ठाऊक नसण्याला. डिजिटल सेवा कायदा आता अतिविशाल मंचांना, गंभीर परिणाम संभवणारी सुविधा उपलब्ध करण्यापूर्वीच जोखमीचे मूल्यमापन करावयास लावतो.

बर्लिन, म्युनिक वा वालडॉर्फ येथे उत्पादनाची धुरा वाहणाऱ्या मराठी अभियंत्यांच्या कानी 'जर्मन संथपणा'ची तक्रार वारंवार पडते. ती सर्वस्वी निराधार नाही; लहान कंपन्यांना हा भार जड जातो. तथापि संमती, कर्मचारी-परिषद आणि जोखीम यांचा विचार चाचणीच्या आराखड्यातच झाला, तर तयार सुविधा शेवटच्या क्षणी रोखण्याची वेळ क्वचितच येते. झालांडोच्या निकालाचा व्यावहारिक धडाही हाच आहे: कोणाला काय दाखविले याची नोंद केवळ विक्री वाढविण्यासाठी नव्हे, तर उद्या नियामकाला उत्तर देण्यासाठीही ठेवावी लागेल.