६१ देश भेटले, गप्पा शून्य!

आमच्या कॉलेजच्या हॅम क्लबमध्ये अधूनमधून एक काका येतात. सत्तरी ओलांडलीये, पण मोर्सची की हातात आली की बोटं एकदम विशीतली होतात. मागच्या दिवाळीनंतर ते आले आणि त्यांनी विचारलं, ‘‘काय गं, सुट्टीत काही केलंस का रेडिओवर?’’

‘‘६१ देश झाले, काका!’’ मी ऐटीत लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

‘‘अरे वा! हा फिनलंडवाला काय म्हणत होता मग?’’

मी लॉग बघितला. ‘‘उणे चौदा म्हणाला.’’

‘‘आणि तू काय म्हणालीस?’’

‘‘उणे नऊ.’’

काका हसले नाहीत. नुसतं ‘‘बरं’’ म्हणाले आणि चहा प्यायला कॅन्टीनला गेले. त्या एका ‘बरं’नं माझी अख्खी दिवाळी उतरवली. हा लेख म्हणजे त्या ‘बरं’ला उत्तर आहे. म्हणजे अर्धं उत्तर. उरलेल्या अर्ध्यात काकांचंच बरोबर आहे, आणि तेही सांगणारच आहे.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना काढून, स्वतःच्या सेटवरून, निव्वळ हौसेखातर जगाशी साधलेला संपर्क. मध्ये मोबाईल कंपनी नाही, डेटा पॅक नाही. शॉर्टवेव्ह लहरी वर आयनोस्फिअरमधून वळून परत जमिनीकडे येतात, म्हणून हॉस्टेलच्या गच्चीवरची तार युरोपात ऐकू जाते. पूर्वी यात दोनच मार्ग होते, माइकवर बोला किंवा मोर्स टकटकवा. डिजिटल मोडमध्ये तिसरा माणूस आला, लॅपटॉप. त्याचं साउंड कार्ड सूर तयार करतं, सेट ते सूर हवेत सोडतो आणि पलीकडचा लॅपटॉप ते ऐकून त्यांची अक्षरं करतो.

या डिजिटल मोड्समध्ये सध्या दादागिरी आहे ती एफटी८ची. २०१७ मध्ये तो आला. ‘एफ’ म्हणजे स्टीव्ह फ्रँक आणि ‘टी’ म्हणजे जो टेलर. हे टेलर म्हणजे कुणी साधे हौशी गडी नव्हेत. १९७४ मध्ये त्यांनी आणि रसेल हल्स यांनी जोडीनं फिरणारा पल्सार शोधला आणि १९९३ मध्ये दोघांना त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्याचं आयुष्य अवकाशातली क्षीण कुजबुज ऐकण्यात गेलं, त्यानं निवृत्तीच्या वयात हॅमवाल्यांसाठी कुजबुज ऐकणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि फुकट वाटलं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० डिश आहेत, त्याही पल्सार ऐकतात. हे लांबचं नातं मला उगाचच आवडतं.

एफटी८ची गंमत आकड्यांत आहे. एक निरोप म्हणजे जेमतेम ७७ बिट. तुमचा कॉलसाइन, समोरच्याचा कॉलसाइन, तुमचा चौकोन किंवा सिग्नलचा रिपोर्ट, बस्स. पण हवेत जातात १७४ बिट. वरचे सगळे चुका पकडायला आणि दुरुस्त करायला. सिलॅबसमधल्या ज्या ‘चॅनल कोडिंग’च्या युनिटला आपण ऑप्शनला टाकतो, तेच हे! हे सगळं १२.६४ सेकंदांत पाठवलं जातं, १५ सेकंदांचा एक डाव. एकदा तुम्ही, एकदा समोरचा. सहा डावांत, म्हणजे दीड मिनिटात संपर्क पूर्ण. जागा लागते फक्त ५० हर्ट्झ. एक माणूस माइकवर बोलतो तेवढ्या जागेत असे पन्नासेक सिग्नल शेजारी शेजारी मावतात. आणि गोंगाटाची ताकद १०० आणि तुमच्या सिग्नलची १ असली, तरी तो वाचला जातो. कानाला तिथं फक्त खरखर ऐकू येते.

आता माझं मत. आजच्या कॉलेजवाल्यानं हॅमची सुरुवात डिजिटलपासूनच करावी. काका लोक म्हणतात आधी माइक, आधी मोर्स. पण त्यांनी हे केलं तेव्हा त्यांच्या आजूबाजूला अंगण होतं. आपल्याकडे काय आहे? तीन जणींत एक खोली, गच्चीची किल्ली रेक्टरांकडे, आणि चहूबाजूंनी एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर. हे सगळे मिळून शॉर्टवेव्हवर जी काही घरघर करतात, त्यात दहा वॉटनं ‘हॅलो, हॅलो’ ओरडून कुणी ऐकत नाही. पहिल्या आठवड्यात मी माइकवर घसा कोरडा करून एकही उत्तर मिळवलं नव्हतं. त्याच तारेवर, त्याच दहा वॉटवर एफटी८ लावलं आणि विसाव्या मिनिटाला जपान आला. नवशिक्याला ‘आपलं पोचतंय’ हे कळणं फार मोठी गोष्ट असते. ते कळलं नाही तर सेट ओएलएक्सवर जातो.

दुसरं कारण पैशांचं. पहिली पायरी चक्क फुकट आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात एक वेबएसडीआर आहे, म्हणजे इंटरनेटवरून आपण फिरवू शकतो असा रिसीव्हर. मोबाईलवर उघडा, १४,०७४ किलोहर्ट्झ आणि यूएसबी मोड लावा. (हा यूएसबी पेनड्राइव्हवाला नव्हे, ‘अपर साइडबँड’.) बेसूर पिपाण्यांच्या बँडसारखा जो आवाज येईल, दर पंधरा सेकंदांनी थांबून पुन्हा सुरू होणारा, तेच एफटी८. लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाका, व्हर्च्युअल ऑडिओ केबलनं ब्राउझरचा आवाज त्यात सोडा, आणि स्क्रीनवर एकेक ओळ उमटायला लागेल. पहिल्यांदा ते बघताना अंगावर काटा येतो. खरंच येतो.

फक्त लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं. सगळं जग एकाच क्षणाला सुरू करतं आणि एकाच क्षणाला थांबतं. आपली ‘पाचच मिनिटांत पोचतो’वाली वेळ इथे चालत नाही.

निरोपातला तो ‘चौकोन’ म्हणजे पृथ्वीचा नकाशा चौकटींत कापून दिलेला चार अक्षर-अंकांचा पत्ता. पुणे एमके६८, मुंबई एमके६९, कोल्हापूर एमके७६, नागपूर एमएल९१. नाशिककरांची मजा वेगळीच, २० अंश अक्षांशाची रेघ शहरातूनच जाते. त्यामुळे घर कुठल्या बाजूला आहे त्यावर एमके६९ की एमएल६० ते ठरतं.

ऐकणं इतकं सोपं असलं, तरी पाठवण्यासाठी परवाना लागतोच. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, रेडिओची थिअरी आणि नियम, एवढंच. डिप्लोमा-इंजिनीअरिंगवाल्यांना किंवा फिजिक्सवाल्यांना महिनाभर नीट वाचलं तरी पुरतं, आणि आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी घाबरण्याइतकंही त्यात काही नाही. मिळणारा कॉलसाइन व्हीयू३ नं सुरू होतो. जनरल ग्रेडला मोर्स आहे, तिथे व्हीयू२. परवान्याच्या आधी ऑनलाइन दिसलेला स्वस्तातला वॉकीटॉकी मागवू नका, विनापरवाना सेट जवळ ठेवणंही बेकायदा आहे. आणि परवाना हातात आला की त्यावर कुठल्या बँडवर, कुठल्या प्रकारच्या प्रक्षेपणाला, किती वॉटला परवानगी आहे ते वाचा. आम्ही वाय-फायच्या ‘आय अॅग्री’सारखं ते स्क्रोल केलं होतं, काकांनी सगळ्यांना परत बसवून वाचायला लावलं.

सेट महाग असतो हे खरंय. पण इथे आपल्याला एक जवळचा माणूस आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सेट आखला, बाजारात सहज मिळणाऱ्या पार्टमधून घरी बनेल असा. मूळ आराखड्यात कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर होते! त्याच घराण्यातला यूबिटएक्स जगभर गेला, आणि पुढच्या एसबिटएक्समध्ये तर रास्पबेरी पाय आत बसवलेला आहे, एफटी८साठी वेगळा लॅपटॉपही नको. क्लबनं वर्गणी काढून एक घेतला तर चार बॅचेस शिकतील. अँटेनाला तर वायरच लागते. २० मीटर बँडसाठी साधारण पाच-पाच मीटरचे दोन तुकडे, मधून केबल. आमच्या रेक्टर मॅडमनी दुसऱ्याच दिवशी ती तार बघून नोटीस लावली, ‘गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत.’

आता माझ्या चुका. पहिल्या रात्री विंडोजचे नोटिफिकेशनचे आवाज बंद करायचे राहिले, आणि मैत्रिणीच्या मेसेजचा ‘टिंग’ हवेतून जगभर गेला. ती चूक चहावर मिटली. दुसरी मिटली नाही. बोलताना सेटला मध्ये मध्ये श्वास मिळतो, एफटी८मध्ये तो जवळजवळ १३ सेकंद सलग पूर्ण ताकदीनं पेटलेला असतो. त्यामुळे पॉवर निम्म्यावर ठेवायची असते. मी देशांच्या हावेपोटी पॉवरचं बटण उजवीकडे टोकाला नेलं, साउंडची लेव्हलही फुल. तासाभरात आधी गरम प्लास्टिकचा वास आला, मग काहीच आलं नाही. क्लबच्या सेटचे फायनल ट्रान्झिस्टर गेले. दुरुस्तीला साडेतीन महिने लागले आणि त्या साडेतीन महिन्यांत फर्स्ट इयरच्या नऊ पोरापोरींना नुसत्या थिअरीवर बसावं लागलं. त्यातल्या चौघांनी येणंच सोडलं. ते मला अजून टोचतं. आणि वर, लेव्हल फुल असताना माझा सिग्नल ५० हर्ट्झमध्ये न मावता शेजारच्या दहाजणांवर सांडत होता, हेही नंतर कळलं.

हावेचा मुद्दा आलाच आहे, तर काकांच्या बाजूचं अर्धं उत्तर. एफटी८ हा आकड्यांचा खेळ होऊ शकतो, फार पटकन. सॉफ्टवेअर निरोपांचा क्रम आपोआप पुढे नेतं, माणसानं फक्त सुरुवातीला क्लिक करायचं. काहींना तेवढंही जड होतं. ते प्रोग्राम बदलून पूर्ण स्वयंचलित करतात, स्वतः झोपतात आणि सकाळी उठून किती देश झाले ते मोजतात. माझ्या मते ही चीटिंग आहे, आणि वाईट म्हणजे स्वतःशीच चीटिंग. पण क्लिक करणारे आपण तरी फार वेगळे असतो का? सुट्टीच्या शेवटी शेवटी मी वेब सीरिज बघत क्लिक करत होते. आयनोस्फिअरमुळे दुपारी कुठून सिग्नल येतात आणि संध्याकाळी युरोप कसा उघडतो हे स्क्रीनवर समोर होतं, मी बघत नव्हते.

आणि एक भंपकपणा आपण थांबवायला हवा. हॅमबद्दल बोलताना प्रत्येक जण आपत्तीचं उदाहरण देतो. ते खोटं नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद हॅमच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरलाच होत्या, आणि अंदमानातून बाहेर निरोप गेले ते त्यांच्या रेडिओवरून. पण ते निरोप बोलून गेले होते. एफटी८मध्ये मनाजोगा मजकूर लिहायला मिळतात एका वेळी फक्त १३ अक्षरं. ‘इन्सुलिन हवंय, रस्ता बंद’ एवढंही त्यात मावत नाही. एफटी८वर ६१ देश करणारी मी, उद्या पुरात कुणाच्या कामाची आहे? माइक हातात घेऊन स्पष्ट, थोडक्यात, न घाबरता निरोप देणं ही वेगळी कला आहे आणि ती क्लिक करून येत नाही.

म्हणून डिजिटलनं सुरुवात करा, पण एकाच मोडच्या टपरीवर बसून राहू नका. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतं, मोबाईलवरचं रोबोट३६ अॅप सेटजवळ धरलं की चित्र ओळीओळीनं उतरतं. फर्स्ट इयरला गळाला लावायला याच्याइतकं भारी काही नाही. शिवाय हे आपल्याच पोरांनी वरून करूनही दाखवलंय. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा एक किलोच्या आतला ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी गेला, तो हॅमवाल्यांचे निरोप पोचवण्यासाठीच होता. त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ गेला, आयनोस्फिअरमधले इलेक्ट्रॉन मोजायला. म्हणजे ज्या थरावर आपला सगळा धंदा चालतो, तोच.

आणि माझं सध्याचं वेड म्हणजे पीएसके३१. १९९८ मध्ये इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांनी आणलेला मोड. तो तुमच्या टायपिंगच्याच वेगानं चालतो, अक्षर टाइप केलं की अक्षर पलीकडे. क्रम नाही, डाव नाही, बटणावर बटण नाही. सॉफ्टवेअर एफएलडिजी, तेही मोफत. जागा एफटी८च्या शेजारीच, चार किलोहर्ट्झ खाली. गर्दी अगदी कमी, कारण सगळे वरच्या मजल्यावर देश मोजतायत.

सेट दुरुस्त होऊन आल्यावर काका शेजारी बसले आणि म्हणाले, ‘‘आता बोल कुणाशी तरी.’’ तीन संध्याकाळी कुणीच नाही. चौथ्या संध्याकाळी इटलीचा एक निवृत्त रेल्वेवाला आला. त्यानं विचारलं, पुण्यात आत्ता किती वाजलेत, काय शिकतेस. मी विचारलं, तुमच्याकडे पाऊस आहे का. मग तो त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल सांगायला लागला, सकाळी शेतात गेला आणि येताना तोंडात काहीतरी घेऊन आला, बघतो तर काय... आणि इथे बँड खाली बसला. स्क्रीनवर अर्धी अक्षरं, मग नुसते प्रश्नचिन्हं आणि कंस, मग काहीच नाही.

मी लॉगमध्ये त्याचं नाव लिहिलं. काकांनी वाकून स्क्रीन बघितली आणि विचारलं, ‘‘काय आणलं होतं गं कुत्र्यानं?’’