तुमच्या तक्त्यात श्रावण नाही

प्रति,
महासंचालक,
संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, रोम



तुमच्या अन्न-ताळेबंदात अमेरिकी माणसाच्या नावावर वर्षाला सव्वाशे किलोंच्या आसपास मांस दिसते, भारतीयाच्या नावावर जेमतेम पाच-सहा किलो. आकडे इकडे पोचले की निकाल लागतो: ते अधाशी, आम्ही सात्त्विक. तुमचा तक्ता तसे म्हणत नाही, हे मान्य. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातला फरक जुळवायचा आणि लोकसंख्येने भागायचे. वजनही सोललेल्या जनावराचे, हाडांसकट. हे बाजारात आलेल्या मालाचे गणित झाले; त्याला मागणी म्हणणे हा वाचणाऱ्यांचा आळस.

पण त्या आळसाला तुमची मांडणी साथ देते. मासळीचा रकाना वेगळा, त्यामुळे बांगड्यावाचून न जेवणारे मालवणातले घर मांसाच्या रकान्यात जवळजवळ शाकाहारी ठरते. कलेजी-वजरीचाही गट निराळा. आणि कोंबडी? अमेरिकेत छातीला भाव, पंजांना कोणी विचारत नाही. चीनमध्ये तेच पंजे चवीने चोखतात. पक्षी एक, भाव दोन. तक्त्यात नुसते किलो.

आमच्याकडे तर सरासरीच फसवी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या सुमारे 83 टक्के पुरुषांनी आणि 71 टक्के स्त्रियांनी मासे, कोंबडी किंवा मटण कधी ना कधी खातो, असे सांगितले. मग किलो इतके थोडे कसे? एक तर भाव. पाव किलो मटणात पाच जणांचा रस्सा होतो, फोडी मोजून वाढतात. दुसरे म्हणजे वार: सोमवार, गुरुवार, शनिवार, ज्याचा जो देव. आखाडातल्या शेवटच्या रविवारी मटणाच्या दुकानाची रांग रस्त्यावर येते. श्रावण लागला की तोच दुकानदार माश्या मारत बसतो. याला भूक कमी म्हणायचे का?

ताळेबंद चालू ठेवाच. त्याच्या शेजारी घरोघरच्या पाहण्यांचे रकानेही छापा: किती जण खातात, आठवड्यातून किती वेळा, कोणता भाग. आणि रस्सा वाढणारीच्या ताटात शेवटी किती फोडी उरल्या, तेही.

आपला,
कोल्हापूरचा एक मटणखाऊ